वाइंडिंगच्या दुकानाचं देणं

मी आयटीआयमध्ये मुलामुलींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यातलं गणित आणि सिद्धांत मला पुस्तकांनी दिला. हात दिला तो देसाईगंजच्या, म्हणजे आमच्या वडशाच्या, एका मोटार वाइंडिंगच्या दुकानानं. त्या दुकानाच्या मालकांना मी पहिल्या दिवसापासून काका म्हणत आले. दुसरं ऋण आहे मार्कंड्याजवळच्या एका गावातल्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, आबाजींचं. दोघांनाही आपलं नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून इथे देत नाही. या दोघांनी मिळून एक स्वस्तातलं धातू शोधणारं यंत्र पाण्यात चालवून दाखवलं. ते यंत्र घडवता घडवता माझंही काही घडत गेलं, आणि त्याची नोंद माझ्या हातून व्हावी असं बऱ्याच वर्षांपासून मनात होतं.

आयटीआय झाल्यावर मला कामाची गरज होती. घरी धानाची शेती, पाऊस लागला तर वर्ष निघायचं. चुलत्यांनी वडशाला शब्द टाकला आणि काकांनी ठेवून घेतलं. मुलगी वाइंडिंगच्या दुकानात काय करणार, असं गावात बोललं गेलं. काकांनी तो प्रश्न कधी विचारला नाही. दुकानात वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची गुंडाळी, भिंतीला टेकवलेले जळके स्टेटर. दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. वडसा हे त्या रंगभूमीचं मुख्य ठाणं, त्यामुळे हिवाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर, माइक, डिमर यांची रांग लागायची. होळी संपली की पंप यायला लागायचे. मला रेझिस्टरच्या रंगपट्ट्या पाठ होत्या, मीटर धरता येत होतं, सर्किटचा नकाशा वाचता येत होता. पाण्याबद्दल मात्र काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. पाणी आणि वीज लांब ठेवायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं. काकांचं सगळं काम तर त्या दोघांना एकत्र नांदवण्याचं होतं.

सबमर्सिबल पंपाची मोटार बोअरमध्ये शे-दोनशे फूट खाली कायम पाण्यात असते. मोटारीतून निघालेली केबल आणि वरून आलेली केबल यांचा जोडही पाण्यातच राहतो. हा जोड कसा मारायचा ते काकांनी मला बोलून कमी आणि करून जास्त शिकवलं. तिन्ही कोअर एकाच जागी जोडायच्या नाहीत. बोटभर मागेपुढे जोडायच्या, म्हणजे जोड एकमेकांना खेटत नाहीत. तांब्याचे धागे नुसते पिळायचे नाहीत, एकमेकांत गुंफून सोल्डर द्यायचा. मग दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन पॉलिश पेपरनं चमक जाईपर्यंत घासायचं, स्पिरिटनं पुसायचं, आणि त्यानंतर तिथं बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल पुरेसं असतं. त्यावर रबर टेप. हा टेप डिंकानं चिकटत नाही. चांगला ताणून, अर्धी रुंदी अर्धीवर चढवत गुंडाळला की काही वेळानं त्याचे थर एकमेकांत मिसळून एकच रबर होतं. त्याच्यावर संरक्षणाला साधा टेप.

जोड झाला की बादलीत बुडवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी मेगर लावायचा. काकांचा मेगर जुना, हातानं फिरवायचा. दांडा एकसारख्या वेगानं फिरवावा लागतो. आतलं जनित्र पाचशे व्होल्ट तयार करतं, आणि जोडातून पाण्यात किती गळती होते ते काटा सांगतो. काटा अनंताच्या खुणेवर जाऊन स्थिर उभा राहिला तरच काका केबल गुंडाळायला घ्यायचे. थोडासा जरी डगमगला तरी कात्री आणायला सांगायचे. गिऱ्हाईक समोर घाई करत उभं असलं, गावात धान सुकत असलं, तरी यात फरक नव्हता. "पानी चांगल्या वायरीतून नाही शिरत वो," ते मला म्हणायचे, "जिथं आपन हात लावला, तिथंच शिरते." हे वाक्य मी आज वर्गात प्रत्येक तुकडीला सांगते, आणि ते कोणाचं आहे तेही सांगते.

आबाजी दुकानात आले ते असाच एक पंप घेऊन. पंप दुरुस्त होईपर्यंत बाकावर बसले होते. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा नुकतीच झाली होती. चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा हे वैनगंगेच्या काठचं जुनं मंदिरसमूहाचं ठिकाण. नदी तिथं उत्तरेकडे वळते, म्हणून स्नानाला फार महत्त्व. जत्रेत हजारो माणसं पाण्यात उतरतात आणि दरवर्षी कोणाचं ना कोणाचं काहीतरी वाळूत जातं. पायातलं जोडवं, मंगळसूत्राच्या वाट्या, बाळाचा वाळा. मग लोक ढिवरांना शोधत येतात. आबाजी पिढीजात नदीतले. ते पायाच्या तळव्यानं वाळू चाचपत, आणि कधीकधी वस्तू सापडेही. पण वय झालं होतं आणि वाळूचा थर आता पूर्वीसारखा एका जागी राहत नव्हता. वर चिचडोह बॅरेज झालं, त्याच्याही वर गोसीखुर्द. पाणी सोडलं की घाटावरच्या पाण्याची पातळी रात्रीतून बदलते आणि तळ हलतो. जत्रेच्या बंदोबस्तात पोलिसांच्या हातात त्यांनी धातू शोधणारं यंत्र पाहिलं होतं. त्यांनी काकांना विचारलं, "हे पान्यात नाही चालत का जी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढ्या विश्वासानं पहिल्यांदाच काही विचारत होतं, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं. काका म्हणाले, "मंग शोध ना वो."

शोधल्यावर कळलं की समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली चांगली यंत्रं लाखाच्या घरात जातात. बाजारात दोन-अडीच हजारांत मिळणाऱ्या यंत्रांवरही 'पाण्यात चालतं' असं लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ एवढाच की खालची चकती, म्हणजे कॉइल, पाण्यात बुडवता येते. वरच्या डब्याला पाण्याचा थेंब चालत नाही. कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, बुडी मारणाऱ्याला तर नाहीच.

आणखी एक अडचण आमच्या मातीची होती. वैनगंगेच्या वाळूत चुंबक फिरवला की काळे बारीक कण त्याला चिकटून येतात. हा मुलूखच लोखंडाचा. एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा, चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा तसाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी पहिली शोधाशोध झाली ती याच मुलखात, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, लोहाऱ्याचं खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा डोळ्यांसमोर ठेवून. पुढे कारखाना साकचीला गेला, लोखंड आमच्याकडे जमिनीत राहिलं. साध्या दोन कॉइलच्या यंत्राला अशा वाळूत सगळीकडे धातूच असल्याचा भास होतो. त्यासाठी पल्स पद्धतीचं यंत्र लागतं. त्यात एकाच कॉइलमधून सेकंदाला शेकडो वेळा विजेचा ठोका देऊन तो एकदम तोडतात. कोसळणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि ते विरायला थोडा वेळ घेतात. ठोका संपल्यावर दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबून यंत्र त्या विरणाऱ्या प्रवाहाकडे कान देतं. वाळूतल्या लोहकणांचा आवाज तोवर बहुतेक शमलेला असतो. असं सर्किट स्वस्तात तयार मिळत होतं. ते मागवलं. कॉइल गुंडाळायला काका होतेच. ज्या माणसानं उभं आयुष्य वेढे मोजले त्याला पंचवीस-सव्वीस वेढ्यांची चकती म्हणजे काहीच नव्हतं.

आता डबा. चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घेतला. एका तोंडाला टोपी सॉल्व्हंटनं कायमची बसवली, दुसऱ्या तोंडाला आट्यांचं झाकण आणि त्यात रबराची ओ-रिंग. इथे काकांनी मला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं आणि झाकणावर किती जोर येईल ते काढायला लावलं. दर दहा मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो. आबाजी बुडी मारायचे तो डोह तीन मीटर खोल. पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ पंचाण्णव चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे झाकणावर अठ्ठावीस किलोंचा भार. हे गणित मी परीक्षेत कितीदा सोडवलं होतं, पण त्या आकड्याला वजन असतं हे त्या दिवशी समजलं. काकांनी ओ-रिंगची जागा अशी धरली की पाण्याचा हा भार झाकणाला रिंगवरच दाबेल. पाणी जितकं खोल, तितकी रिंग घट्ट. रिंग खाचेत साधारण पाचवा हिस्सा दबली पाहिजे. कमी दबली तर गळते, जास्त दबली तर लवकर मरते. तो दाब मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. ते मऊ मातीची गोळी खाचेत ठेवून झाकण आवळायचे आणि चपटी झालेली गोळी काढून मापायचे.

सील करायला मी बाजारातून सिलिकॉनची ट्यूब आणली होती. काकांनी ती उघडली, नाकाशी धरली आणि बंद करून परत दिली. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास होता. हे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, आणि बंद डब्यात ते आम्ल तांब्यावर बसतं. "कळंक चढन," एवढंच म्हणाले. ज्याला वास येत नाही असं दुसऱ्या जातीचं आणायला लावलं. रेझिनचंही तसंच. कॉइल रेझिनमध्ये पूर्ण ओतून भरायची होती, कारण आत पोकळी राहिली की पाणी जागा शोधतं आणि शिवाय चकती तरंगते. पण रेझिन एकदम जाड ओतलं तर घट्ट होताना इतकं तापतं की तारेचं आवरण मऊ पडतं. म्हणून पातळ थर, एक सुकला की दुसरा. चार दिवसांचं काम एका दिवसात उरकता येतं असं मला वाटायचं, आणि ते चार दिवसांचं का आहे हे काका प्रत्येक वेळी दाखवून द्यायचे.

पहिल्या चाचणीला डब्यात सर्किट घातलं नाही. जुन्या वर्तमानपत्राची सुरळी घातली, डब्याला धोंडा बांधला आणि दोरीनं विहिरीत सोडला. सकाळी काढल्यावर कागद कोरडा होता. फक्त केबल आत येते तिथं, कागदाच्या कडेला, ओला डाग. केबल ग्लँड घट्ट होती, रिंग घट्ट होती, केबलच्या बाहेरच्या बाजूनं पाणी येत नव्हतं. मला काही उमगेना. काकांनी केबल कापून तिचं तोंड भिंगाखाली धरलं. तारेच्या बारीक धाग्यांच्या मधल्या फटींतून पाणी आतल्या आत चढत आलं होतं. कॉइलच्या टोकाला एक सूक्ष्म चीर होती, तिथून केशाकर्षणानं हातभर प्रवास करून ते डब्यात उतरलं होतं. म्हणजे केबलचं आवरण कितीही चांगलं असो, ती आतून वातीचं काम करते. उपाय त्यांच्या पंपाच्या जोडातच होता. मध्ये एका जागी आवरण काढायचं, धाग्यांमध्ये सोल्डर पूर्ण जिरवून ती तार भरीव करायची आणि तो भाग रेझिनमध्ये गाडायचा. पाण्याची वाट तिथं संपते. माझ्या हातात पुस्तक असतं तर या पानापर्यंत मी कधी पोचले असते कोण जाणे.

चिरा शोधायची दुसरी रीत त्यांनी सायकल पंक्चरवाल्याकडून घेतली होती, थोडा बदल करून. बंद डबा कोमट पाण्यात बुडवायचा. आतली हवा तापून फुगते आणि जिथं फट असेल तिथून बुडबुडे येतात. पाणी आत घेऊन फट शोधण्यापेक्षा हवा बाहेर काढून शोधलेली बरी, कारण त्यात काही बिघडत नाही.

दांड्याचा प्रश्न आला तेव्हा आबाजी पुन्हा दुकानात आले. मी अ‍ॅल्युमिनियमची नळी धरून बसले होते. कॉइलजवळ धातू आला की यंत्र त्यालाच धरून बसणार, हे मला माहीत होतं, म्हणून खालचा तुकडा प्लास्टिकचा करायचं ठरवलं होतं. आबाजींनी नळी बाजूला ठेवली. "बांबू कशाले नोको?" बांबूच्या जंगलांच्या आमच्या गडचिरोली जिल्ह्यात हा प्रश्न मला सुचू नये याचं आजही आश्चर्य वाटतं. पुढच्या खेपेला ते स्वतः बांबू घेऊन आले. कापल्यावर त्यांनी तो काही दिवस बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, बुडवून ठेवला होता, म्हणजे भुंगा लागत नाही. प्रत्येक पेरात हवा असते, त्यामुळे अख्खा बांबू पाण्यात वर उसळतो आणि बुडी मारणाऱ्याचा हात त्याला खाली दाबण्यातच थकतो. म्हणून आबाजींनी प्रत्येक पेरात दोन भोकं पाडली, एक पाणी आत यायला आणि एक हवा बाहेर पडायला. पाण्यात धरला की बांबू भरतो, जड होतो आणि पाहिजे तिथं स्थिर राहतो. बाहेर काढला की रिकामा होऊन हलका. चकती बांबूला बांधली तीही लाकडी खुंटी आणि नायलॉनच्या दोरीनं. एकही खिळा नाही.

पुढे मी अलेक्झांडर ग्रॅहम बेलची हकिकत वाचली. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे अडकली आहे ते शोधायला बेलनं धातू शोधणारं उपकरण बनवलं. उपकरण चालत होतं, पण अध्यक्षांच्या खाटेवर गोंधळलं, आणि त्या गोंधळाचं एक कारण गादीतल्या पोलादी स्प्रिंगा असल्याचं सांगतात. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये गेले. ते वाचताना मला आबाजींनी बाजूला ठेवलेली नळी आठवली.

ऐकायचं कसं, हाही त्यांनीच सोडवलेला प्रश्न. मी बझर आणि दिवा बसवला होता. गढूळ पाण्यात दिवा दिसत नाही, आणि श्वास रोखून खाली गेलेल्या माणसाच्या कानात पाण्याचाच आवाज इतका असतो की बझर कुठून वाजतो ते कळत नाही. आबाजी म्हणाले, माझं सगळं शोधणं तर हातापायानंच होतं. काकांनी जुन्या मोबाइलमधली थरथरणारी छोटी मोटार काढली आणि डब्याच्या आतल्या भिंतीला चिकटवली. बाहेरून तळहात ठेवला की धातूच्या जवळ येताना थरथर वाढत जाते.

यंत्र तयार झाल्यावर मला ते लगेच नदीवर न्यायचं होतं. काका नाही म्हणाले. आमचा जिल्हा कोणता आहे ते विसरू नको, म्हणाले. पाइपचा तुकडा, त्यात बॅटरी, त्यातून निघालेल्या तारा: हे घेऊन कोणी जंगलाच्या वाटेनं जाताना दिसलं तर बघणाऱ्याच्या मनात काय येईल? या जिल्ह्यानं नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात माणसं गमावलेली आहेत. 1 मे 2019 ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ 15 पोलीस आणि त्यांचा चालक गेले. असलं यंत्र बांधणाऱ्यानं आधी ते उघडून दाखवलं पाहिजे, असं काकांचं म्हणणं. ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन ते स्वतः माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले आणि झाकण काढून सगळं समजावून सांगितलं. दुसरी अट देवळाची. मार्कंड्याची मंदिरं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्या आवारात परवानगीवाचून खणणं गुन्हा आहे. आम्ही नदीच्या पाण्यापलीकडे कुठे चकती फिरवली नाही. आणि 1878 च्या निखात निधीच्या कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा जुना पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हा कायदा मी काकांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले की आपण ठेवा शोधायला चाललोच नाही. कालपरवा हरवलेलं ज्याचं त्याला द्यायला चाललो आहोत.

पाण्यात उतरल्यावर आबाजींच्या ज्ञानापुढे यंत्र लहान वाटू लागलं. ते कुठेही चकती फिरवत नसत. आधी काठावर बसून धार बघायचे. जड वस्तू धारेबरोबर लांब जात नाही. जिथं धार मंदावते तिथं बसते. खडकाच्या खालच्या अंगाला, वळणाच्या आतल्या बाजूला, खडकातल्या आडव्या भेगेत. आमच्याकडचे सोनझारी लोक नेमक्या याच जागांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढत आले आहेत. वस्तू हरवणाऱ्या बाईला आबाजी फार बारकाईनं विचारायचे: कोणत्या दगडावर पाय होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, त्यानंतर बॅरेजचं पाणी सुटलं का. मग जी जागा ते दाखवत तेवढ्याच तुकड्यावर चकती. यंत्र वीतभर वाळूखालचं सांगतं, तळव्याला जे लागत नाही ते. दोघांचं मिळून काम होई.

काय सापडतं आणि काय नाही, हेही नदीनंच शिकवलं. भरीव वाटी सापडते. वाळा लगेच सापडतो, कारण बंद कड्यात प्रवाह सहज फिरतो. जोडवं बहुतेक मागून उघडं असतं, त्याचा इशारा क्षीण. बारीक सोन्याची चेन जवळजवळ कधीच लागत नाही, मग ती कितीही महाग असो. तिची प्रत्येक कडी स्वतंत्र आणि इवलीशी. तिच्यातला प्रवाह यंत्र कान देईपर्यंत विरून गेलेला असतो. एका माउलीची चेन शोधून सापडली नाही तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. आबाजी तिच्याजवळ बसले आणि यंत्राला काय दिसतं, काय दिसत नाही ते तिला शांतपणे समजावून सांगितलं, तिनं वाटेल तितके प्रश्न विचारले तरी. ते ज्ञान मी त्यांना दुकानात दिलं होतं. इतकं सोपं करून ते सांगता येतं हे मला त्यांच्याकडून कळलं, आणि शिकवण्याचं काम आपण करावं असं मनात आलं ते त्या घाटावर.

स्वस्त पल्स यंत्राला सोनं आणि लोखंड यांतला फरक कळत नाही, त्यामुळे खिळे, बाटल्यांची बुचं, पंपाच्या फूट व्हॉल्व्हचे तुकडे, जाळ्याचं शिसं हेच जास्त निघतं. नाणी पुष्कळ लागतात. ती आबाजी आहे तिथंच ठेवतात, नदीला वाहिलेली म्हणून. घाटावरची पोरं तशीही दोरीला चुंबक बांधून ती काढतात. हल्लीच्या रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांना चुंबक लागतो. लोखंडाचे तुकडे मात्र आबाजी पिशवीत भरून बाहेर आणतात, कारण तिथं अनवाणी माणसं उतरतात. सापडलेल्या दागिन्याचे पैसे त्यांनी मागितलेले मी पाहिले नाहीत. कोणी आपणहून दिलं तर यंत्राच्या सेलचा खर्च काढून ठेवायचे.

यंत्र बांधणं एकदाचं असतं, राखणं रोजचं. ही शिस्त काकांची. पाण्यातून आल्यावर आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि आट्यांमधली वाळू ब्रशनं काढायची. झाकण उघडायचं ते पूर्ण कोरडं झाल्यावर, आणि तोंड खाली करून, म्हणजे कडेला राहिलेला थेंब आत न जाता बाहेर पडतो. ओ-रिंग सुईनं उकरून काढायची नाही, दोन बोटांनी चिमटून वर घ्यायची. सुईचा एक ओरखडा पुरतो. मग डोळे मिटून ती बोटांमधून पूर्ण फिरवायची. वाळूचा कण, केस, बारीक काप हे डोळ्याआधी बोटाला कळतं. रिंगला सिलिकॉन ग्रीस इतकंच की ती फक्त चमकावी. जास्त ग्रीस वाळूच धरून ठेवतं. झाकण लावायचं ते कोरड्या दुपारी. ओल्या हवेत बंद केलेला डबा थंड पाण्यात गेला की आतल्या आत दव धरतो आणि माणूस गळती शोधत बसतो. आत सिलिका जेलची पुडी. सेल चार्ज करायचे ते बाहेर काढूनच, कारण चार्ज होताना ते वायू सोडू शकतात आणि बंद डब्यात तो साठणं धोक्याचं आहे. पावसाळ्यात नदी भरलेली असते, यंत्राला काम नसतं. तेव्हा सेल काढून, रिंग वेगळी पिशवीत ठेवून, झाकण सैल सोडायचं. महाशिवरात्रीच्या आधी नवी रिंग, आणि पुन्हा वर्तमानपत्राची सुरळी घालून एक रात्र विहिरीत. डबा मागच्या वर्षी कोरडा निघाला होता, हे कारण काकांना कधी पुरलं नाही.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना माझ्याकडे दाखवायला प्रमाणपत्राशिवाय काही नव्हतं, आणि काकांच्या दुकानाचा अनुभव लिहून द्यावा असं त्यांना म्हणायला मला संकोच वाटत होता. त्यांना सही करता येते, लांब मजकूर लिहिण्याचा सराव नाही. त्यांनी मला एक कापलेला जोड दिला, मीच मारलेला, मधोमध उभा चिरलेला, म्हणजे आतला प्रत्येक थर दिसावा. तो मी नेला होता. माझ्या वर्गातल्या टेबलावर तो अजून असतो. मुलं तो हातात घेतात आणि प्रश्न विचारतात. त्यातले काही मला अजूनही काकांना फोन करून विचारावे लागतात.

काकांनी माझ्याकडून कधी काही मागितलं नाही, एक सोडून. जोड मारायची पद्धत मी मराठीत, पायरीपायरीनं, चित्रं काढून लिहावी, म्हणजे दुकानात येणाऱ्या नव्या पोरांना तेच तेच सांगावं लागणार नाही. मी लिहून दिली. ती वाचून त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या. टेप ताणताना किती ताणायचा हे मी नीट लिहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की काळा टेप किंचित फिका दिसायला लागला की थांब, असं लिही.

आबाजी आता बुडी मारत नाहीत, काठावर बसून जागा दाखवतात. नातू पाण्यात उतरतो. त्याच्या तळहाताला थरथर पुरेशी कळत नाही अशी त्याची तक्रार आहे; आबाजींच्या हातापेक्षा त्याचा हात निबर आहे की मोटारच झिजली, ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. झाकणाचे आटेही सैल झाले आहेत, त्यामुळे डबा नवाच करावा लागेल. चार इंची पाइप मी आणून ठेवला आहे. मोबाइलच्या मोटारी काकांच्या दुकानात एका डब्यात आहेत, आणि रविवारी मी वडशाला जाणार आहे.